हनुवटी पुढे आणण्याआधी

गेली पाच वर्षं मी नवऱ्यामुलींच्या हनुवट्या दुरुस्त करतेय. कर्जत स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आमचा फोटो स्टुडिओ आहे. शूटला दोघं दादा जातात, मी आत बसून एडिटिंग करते. मुंबई-पुण्याहून कर्जत-खालापूरच्या फार्महाउसवर प्री-वेडिंगला येणारी जोडपी हे आमचं मुख्य गिऱ्हाईक. पावसाळ्यात धबधबा, हिवाळ्यात उल्हास नदीचा काठ आणि बारा महिने कुणाच्या तरी लॉनवरचा पांढरा झोपाळा. फोटोशॉपमध्ये 'लिक्विफाय' नावाची सोय असते. गोल ब्रश घ्यायचा, हनुवटीच्या कडेला ठेवायचा आणि जरासा ढकलायचा. हाड, दात, नस, काही मध्ये येत नाही. चार सेकंदांचं काम, आणि नाही आवडलं तर कंट्रोल-झेड.

माझी स्वतःची हनुवटी मागे आहे. समोरून फारसं कळत नाही. बाजूने पाहिलं की खालच्या ओठापासून चेहरा सरळ गळ्याकडे उतरतो. शाळेत मुलं 'चिमणी' म्हणायची. बाबांचीही अशीच आहे, पण त्यांनी दाढी ठेवलीय. आजीचीही अशीच आहे, पण तिच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके आहेत, त्यामुळे बघणाऱ्याचं लक्ष ठिपक्यांकडे जातं. माझ्याकडे दाढी नाही आणि गोंदणही नाही.

मागच्या वर्षी बायोडाटासाठी फोटो काढला तेव्हा मी माझ्यावरही तो ब्रश फिरवला. थोडासाच. घरात कुणाला सांगितलं नाही. पनवेलकडचं एक स्थळ खोपोलीला घरी आलं. पोहे झाले, चहा झाला. निघताना मुलाची आई माझ्या आईला स्वयंपाकघराच्या दारात हळू आवाजात म्हणाली, "फोटोत वेगळी दिसते हो." नकार आला, कारण पत्रिकेचं दिलं. आई दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भांडी घासता घासता तिने विचारलं, "तू फोटोला काही केलं होतंस का?" मी हो म्हटलं. "मग त्यांचं काय चुकलं गं?" एवढंच म्हणून तिने नळ बंद केला.

त्या रात्री मी ठरवलं की फोटो खोटा आहे ना, मग चेहराच फोटोसारखा करून घेऊ. हे वाचणाऱ्यांपैकी काहींच्या मनात अशी रात्र कधी तरी आली असेल, म्हणून पुढचं सगळं सांगतेय.

ऑफर

नवी मुंबईतल्या एका क्लिनिकची जाहिरात मोबाइलवर सारखी यायची. तिथे गेले. पांढरा कोट घातलेल्या मॅडमनी हातात आरसा दिला, माझ्या हनुवटीवर पांढऱ्या पेन्सिलने ठिपका काढला आणि सांगितलं, दोन सिरिंज फिलर, अर्धा तास, लगेच घरी. खर्च पन्नास हजारांच्या आसपास, हप्त्याने चालेल, आज केलंत तर सवलत. मी विचारलं, किती टिकतं? वर्ष-दीड वर्ष. मग? मग परत.

त्यांनी मला तोंड उघडायला सांगितलं नाही. दात पाहिले नाहीत. त्यांचं नेमकं शिक्षण काय, हे विचारायचं मलाही सुचलं नाही. बँकेत पंचावन्न हजार होते. मी कार्ड बाहेर काढलंही होतं.

थांबले ती माझ्या धंद्यामुळे. समोरच्या टॅबवर आधीचे आणि नंतरचे फोटो फिरत होते. प्रत्येक 'आधी'त मान किंचित खाली, कॅमेरा जवळ, उजेड वरून. प्रत्येक 'नंतर'मध्ये मान उचललेली, कॅमेरा लांब, उजेड समोरून. नुसत्या एवढ्या बदलाने मी कुणाचीही हनुवटी बाहेर काढून दाखवीन, सुई न लावता. फिलरने फरक पडतच नाही असं मी म्हणत नाही, तो पडतो. पण किती फरक सुईचा आणि किती उजेडाचा, हे त्या फोटोंवरून कळायला मार्ग नव्हता. "घरी विचारून सांगते," म्हणाले आणि स्टेशनवर आले.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओतल्या दादाला म्हटलं, माझा बाजूने फोटो काढ, ८५ एमएमच्या लेन्सने, सात फुटांवरून. मोबाइलचा सेल्फी आपण हातभर अंतरावरून काढतो. त्यात कॅमेऱ्याच्या जवळचं मोठं दिसतं आणि लांबचं लहान. नाक जवळ असतं, हनुवटी मागे, त्यातून हात वर धरलेला. २०१८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याचं गणित मांडलं होतं. पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. नाक मोठं दिसलं की हनुवटी आपोआप लहान वाटते. दादाने काढलेल्या फोटोत माझी हनुवटी मागेच होती. पण रोज सेल्फीत बघून मी जेवढी मागे समजत होते तेवढी नव्हती.

सात मिलिमीटर

आमच्या खोपोलीच्या दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "आधी चावा दाखवून घे," आणि चिठ्ठी दिली. पहाटेची लोकल पकडून सीएसएमटीला उतरले. सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. केसपेपरची रांग, एक्स-रेची रांग, परत पहिल्या रांगेत. दुपारी एका सरांनी मला दात मिटायला लावले आणि स्टीलची पट्टी आडवी धरली. वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या सात मिलिमीटर पुढे होते. साधारण दोन-तीन असावेत. मग बाजूने काढलेल्या एक्स-रेवर त्यांनी रेषा मारल्या.

"हनुवटी लहान नाही," ते म्हणाले. "अख्खा खालचा जबडा मागे राहिलाय. नुसती हनुवटी पुढे आणली तर बाहेरून बरं दिसेल, आतला चावा आहे तसाच राहील."

त्यांनी चार रस्ते सांगितले. पहिला फिलर. हायल्युरॉनिक ॲसिडचं जेल, काही महिन्यांनी विरतं, नको झालं तर इंजेक्शनने विरघळवताही येतं. पण रक्तवाहिनीत गेलं तर तिथली कातडी मरू शकते आणि क्वचित दृष्टीही जाते, म्हणून ते अर्ध्या तासाचं किरकोळ काम नव्हे. दुसरा इम्प्लांट, बहुधा सिलिकॉनचा. हनुवटीखाली किंवा खालच्या ओठाच्या आत छेद देऊन हाडावर बसवतात. तो सरकू शकतो, जंतुसंसर्ग झाला तर काढावा लागतो, आणि काहींच्यात त्याच्या दाबाने खालचं हाड थोडं झिजतं. तिसरा जेनिओप्लास्टी. हनुवटीचं स्वतःचंच हाड कापून पुढे सरकवायचं आणि टायटॅनियमच्या पट्टीने बसवायचं. चौथा माझ्यासाठीचा: आधी तारा लावून दात रांगेत आणायचे, मग पूर्ण खालचा जबडा पुढे घ्यायचा. दोन वर्षं तरी धरून चाला, म्हणाले. वाढीचं वय संपलेलं असणं गरजेचं, ते माझं केव्हाच संपलं होतं.

मग त्यांनी नसेबद्दल सांगितलं. खालच्या जबड्यातून एक नस येते, दोन्ही बाजूंना दाढांच्या थोडं अलीकडे हाडातल्या छिद्रातून बाहेर पडते आणि खालच्या ओठाला नि हनुवटीला स्पर्श कळवते. हाडाला हात लावला की ती दुखावते. बहुतेकांचा बधिरपणा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जातो. काहींचा थोडासा कायमचा राहतो.

"आणखी एक," केसपेपरवर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "घरात कुणाचा जबडा असाच आहे? घोरतं का कोणी?"

मला हसू आलं. बाबांचं घोरणं चाळीत प्रसिद्ध आहे. मध्येच ते पूर्ण थांबतं, सगळं शांत होतं, मग एकदम गचका देऊन सुरू होतं. आम्ही लहानपणी मोजायचो, किती आकड्यांनी सुरू होतंय ते. मी हसत हसत हे सांगितलं. सर हसले नाहीत. "काय काम करतात?"

बाबा टेम्पो चालवतात. एक्स्प्रेसवेवर, बहुतेक रात्रीचे.

"त्यांना आधी दाखवा," ते म्हणाले. "तुमचं सावकाश झालं तरी चालेल."

जबडा मागे असला की जिभेमागची श्वासाची वाट अरुंद राहू शकते. झोपेत स्नायू सैल पडले की ती मिटते, श्वास थांबतो, मेंदू दचकून जागा करतो. रात्रभर असं होत राहिलं की माणूस दिवसा पेंगतो. बाबा खालापूर टोलच्या रांगेतही डुलकी काढायचे, आणि आम्ही त्याला दमणूक म्हणायचो. झोपेची तपासणी झाली, स्लीप ॲप्निया निघाला आणि तोही बराच. आता ते नाकाला मास्क लावून झोपतात, मशीन रात्रभर हवा देतं. माझे फिलरचे पैसे त्या मशीनला गेले. घरात पहिल्यांदाच शांतता झाली, तर आईला दोन रात्री झोप आली नाही.

ज्या हनुवटीला मी वीस वर्षं फक्त आरशात बघत होते, ती बाबांच्या दाढीखाली काय करत होती हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

कावसजीचं नाक

या सगळ्या दिवसांत मी पुष्कळ वाचलं. प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात पुण्याचं नाव कायमचं आहे. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी टिपूच्या सैनिकांच्या हाती सापडला, त्यांनी त्याचं नाक कापलं. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा-कुंभारकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक करून दिलं. मुंबई इलाख्यातल्या इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं, आणि ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये त्याची हकीकत चित्रासकट छापून आली. त्यावरून तिकडे अशी नाकं सुरू झाली. करणाऱ्याचं नाव त्यात नाही.

कावसजीला कुणी विचारलं नसेल की तुला हे खरंच हवंय का. गेलेलं परत आणणं आणि नसलेलं आणणं यांत फरक आहे, आणि आपल्या जीएसटीलाही तो कळतो. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के कर लागतो. जन्मजात दोष, वाढीतला बिघाड, इजा किंवा अपघात यांमुळे बिघडलेलं पूर्ववत करायचं असेल तर लागत नाही. आरोग्य विमाही सुंदर दिसण्यासाठीचा खर्च देत नाही. म्हणून निदान काय आहे ते कागदावर नीट लिहून घ्यायचं. आमच्या खात्याच्या आकड्यांत हा फरक थोडाथोडका नाही.

मग माझं कशात बसतं? सरांच्या कागदावर 'वाढीतला दोष' आहे. माझ्या मनात मात्र पोह्यांची बशी आहे. दोन्ही खरं आहे.

आजी

आजी चौकजवळच्या गावात राहते, घरातून इर्शाळगड दिसतो. तिला सांगितलं तर म्हणाली, "हाड कापून पुढं? आणि कशाला गं बाय?" मग स्वतःचंच सांगायला लागली. सात-आठ वर्षांची असताना गोंदणारीण दारात आली. चुलतीने हात धरले, आईने डोकं. "रडले तं मला गूळ दिला. कोणी इचारलं नाय." मेल्यावर बाकी सगळं इथंच राहतं, गोंदण तेवढं सोबत येतं, असं तिला सांगितलेलं. "तुझी पट्टी पण येल काय?" म्हणून स्वतःच हसली.

तिला विचारलं नव्हतं. मला विचारतायत, कागदावर सही मागतायत. तर निदान उत्तर द्यायला मी वेळ घ्यावा.

निघताना तिने नेहमीसारखी माझी हनुवटी चार बोटांत धरली आणि बोटं स्वतःच्या ओठांना लावली. त्या क्षणी मला नस आठवली. तिची बोटं खरखरीत आहेत, एका बोटाला विळ्याचा जुना व्रण आहे, तो मला डोळे मिटूनही कळतो. आजीचं वय ब्याऐंशी. माझा बधिरपणा सहा महिन्यांत जाईल, की वर्षाने, की राहील?

आता

माझ्या मोबाइलमध्ये एक नोट आहे. मैत्रिणी विचारतात तेव्हा तीच पाठवते. कोट बघू नका, डिग्री बघा: प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी, नाहीतर ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरीतली एमडीएस. फिलरसाठी त्वचेचे एमडी डॉक्टरही चालतात. आधी दात आणि चावा तपासून घ्या. घोरण्याचं विचारा, घरच्यांचंही. फोटो लांबून काढा आणि मग स्वतःला बघा. बिघडलं तर काढता येतं का, कोण काढेल आणि किती पैशांत, हे आधी विचारा. 'आजच'ची ऑफर असेल तर उद्या जा. आणि नकार आल्याच्या आठवड्यात काहीही ठरवू नका.

नको करू, असं मी कुणाला सांगत नाही. मला स्वतःला ती अजूनही हवीय, रोज नाही, पण काही दिवशी नक्की. मार्चमध्ये तारा लावल्या. जबड्याचं दात रांगेत आले की ठरवायचं, तोवर दर महिन्याला एक लोकल.

बायोडाटाचा फोटोही बदलला. दादाने काढलाय, सात फुटांवरून, जरासा बाजूने, तारांसकट. ब्रश लावलेला नाही. आईने तो बराच वेळ हातात धरला आणि म्हणाली, "बाबांवर गेलीस अगदी." मग चष्मा लावून ती एकेकाला पाठवत बसली. आतल्या खोलीत बाबांचं मशीन चालू होतं.