आमचे सिंगापूरदर्शन

गतवर्षी दिवाळीच्या सुटीत सिंगापूर पाहण्याचा योग आम्हांस आला. निघालेली मंडळी चार: आम्ही, आमचे कुटुंब, याच शाळेत नववीत शिकणारा आमचा चिरंजीव आणि ७८ वर्षे वयाच्या आमच्या आत्याबाई. चिरंजीवाने महिनाभर आधीपासून खपून दहा प्रेक्षणीय स्थळांची एक यादी तयार केली होती. तीत प्रत्येक स्थळापुढे जाण्याची वेळ, परतण्याची वेळ आणि तेथे काय खावयाचे हेही लिहिलेले होते. यादीचे वाचन चालू असता आत्याबाई मुकाट्याने ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एवढेच विचारले, “आणि ते काळ्या पाण्याचे लोक ठेवीत होते, ती जागा यात कुठे आहे रे?”

या प्रश्नाचा उलगडा व्हावा म्हणून आमच्या घरातील एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे. आमचे मूळ गाव कोकणात. १८५७ च्या थोडे आधी शेताच्या बांधावरून भाऊबंदांत मारामारी झाली, तीत एक माणूस दगावला, आणि आमच्या पणजोबांचे एक चुलते जन्मठेपेवर सिंगापुरास गेले. काळे पाणी म्हटले की आज अंदमान आठवते. परंतु अंदमानची कैद्यांची वसाहत १८५८ साली सुरू झाली. त्यापूर्वी मुंबई, मद्रास व बंगाल या तिन्ही इलाख्यांतील जन्मठेपीचे कैदी पिनांग, मलाक्का व सिंगापूर येथे धाडीत असत. सिंगापुरात ते १८२५ पासून येऊ लागले. आमचे हे पूर्वज परत आले नाहीत, त्यांचे पत्र आले नाही, आणि घरच्यांनी त्यांचे नावच टाकले. पितृपक्षातदेखील ते कोणी उच्चारीत नसे. फक्त एखादे मूल फार दंगा करू लागले, की ‘सिंगापुरास जावयाचे आहे काय?’ अशी दटावणी होई. आम्हीही लहानपणी ती ऐकली आहे, आणि सिंगापूर म्हणजे एखादी अंधारी कोठडी असावी असे पुष्कळ दिवस आम्हांस वाटत असे. त्या पुरुषाचे नाव ठाऊक होते ते एकट्या आत्याबाईंना. त्यांच्या आजीने ते त्यांना एकदा, दार लावून, सांगितले होते.

असो. अंधाऱ्या कोठडीऐवजी आमच्या दृष्टीस पडले ते एक लख्ख, हिरवेगार व अतिशय शिस्तीचे शहर. आगगाडीच्या फलकांवर इंग्रजी, चिनी, मलय व तमिळ या चारही राजभाषा पाहून चिरंजीव म्हणाला, “बाबा, येथे शुद्धलेखनाचे चार पेपर असतील!” गाडीत काय आणू नये याची चित्रे लावलेली होती. त्यांत ड्युरियन नावाच्या काटेरी फळाचेही चित्र होते. त्याच्या उग्र वासापायी त्याला गाडीत मज्जाव आहे. आत्याबाईंनी ते चित्र फणसाचे समजून मनास लावून घेतले, आणि खुलासा केल्यावरही त्यांचे पुरते समाधान झाले नाही.

यादीप्रमाणे पहिला दिवस नवलाईच्या वस्तूंचा होता. सिंहाचे मुख व माशाचे धड असलेली मर्लायनची शुभ्र मूर्ती १९७२ सालची. ती साडेआठ मीटरांहून किंचित उंच असून तिच्या मुखातून पाण्याची धार अखंड खाडीत पडत असते. या नगराचे मूळ नाव सिंगापुरा, म्हणजे आपले संस्कृत सिंहपूर. एका राजपुत्राने येथे सिंह पाहिला म्हणून हे नाव पडले, अशी मलय कथा आहे. या बेटावर सिंह मात्र कधी नव्हता. दिसला असेल तो वाघ असावा, असे जाणते लोक म्हणतात. खाडीपलीकडे २०१२ साली खुल्या झालेल्या बागेत पोलादी सांगाड्यांवर वेली चढवून उभारलेले प्रचंड कृत्रिम वृक्ष आहेत. चिरंजीव त्यांच्यावर लुब्ध झाला. आम्हांस त्याहून १८५९ सालचे जुने वनस्पती उद्यान अधिक भावले. रबराच्या झाडाला इजा न करता त्याचा चीक वरचेवर काढण्याची रीत हेन्री रिडले यांनी येथेच शोधून काढली, आणि साऱ्या मलायाचे दैव पालटले. शाळेच्या मुलांनी पाहण्याजोगी जागा ती!

दुसऱ्या दिवशी तेलोक आयर नावाच्या रस्त्यावर गेलो. आज या रस्त्याच्या दोन्ही बाजूंस उंच कचेऱ्या आहेत. परंतु समुद्रात भर घालण्यापूर्वी लाटा अगदी येथपर्यंत येत असत. दूरदेशीचे लोक जहाजातून उतरून पहिले पाऊल टाकीत ते याच किनाऱ्यावर. त्यामुळे सुखरूप पोहोचल्याचा नवस जो तो येथेच फेडी. चिनी लोकांनी समुद्रदेवता माझू हिचे थिआन हॉक केंग हे मंदिर येथे बांधले. ते १८४२ साली पुरे झाले. त्याच रस्त्यावर तमिळ किनाऱ्यावरून आलेल्या मुसलमानांनी नागूरच्या अवलियाच्या स्मरणार्थ बांधलेला दर्गा आहे, तो त्याहूनही जुना. समुद्रदेवतेची गोष्ट ऐकताच आत्याबाईंनी हात जोडले. नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ वाहणाऱ्या कोकणच्या बाईला ती परकी कशी वाटावी? त्या पुष्कळ वेळ गाभाऱ्यापुढे उभ्या होत्या. मग हलकेच म्हणाल्या, “हे सगळे आपल्या खुशीने आले. आमच्या माणसाने उतरताना कोणाला हात जोडले असतील?” यावर आम्हांजवळ उत्तर नव्हते.

तेथून थोडे चालून गेले की चिनी वस्तीच्या ऐन मध्यात साउथ ब्रिज रोड लागतो. येथे मारिअम्मन देवीचे मंदिर आहे, आणि अवघ्या काही पावलांवर चुलिया मुसलमानांची मशीद. मशिदीची स्थापना १८२६ ची, मंदिराची १८२७ ची. मंदिर स्थापणारे नारायण पिल्ले हे १८१९ साली रॅफल्ससाहेबांबरोबर पिनांगहून आले होते. गोपुरावरील रंगीत मूर्ती, भिंतीवर बसविलेल्या गाई, शेजारी मशिदीचे दोन मनोरे, समोर चिनी दुकानांचे तांबडे कंदील, हे सारे एका दृष्टिक्षेपात मावते. सिंगापुरात एकच रस्ता पाहण्याइतका वेळ कोणास असेल, तर त्याने हाच पाहावा असे आमचे मत आहे.

हा सलोखा आपोआप उगवला असे मात्र कोणी समजू नये. २१ जुलै १९६४ रोजी पैगंबर जयंतीच्या मिरवणुकीत मलय व चिनी लोकांचा दंगा पेटला व त्यात २३ माणसे प्राणास मुकली. सप्टेंबरात पुन्हा तेच घडले. पुढच्याच वर्षी, ९ ऑगस्ट १९६५ रोजी, हे राज्य स्वतंत्र झाले. बहुसंख्य लोक येथे सरकारने बांधलेल्या घरांत राहतात, आणि १९८९ पासून प्रत्येक इमारतीत कोणत्या समाजाची किती घरे असावीत याची मर्यादा ठरलेली आहे. कोणी म्हणेल, हा काय जुलूम! घर विकताना गिऱ्हाइकाची जात पाहावी लागते, ही अडचण खरीच. परंतु एकाच जिन्यावर तिन्ही घरांची मुले खेळतात, हेही खरे. १९९७ पासून शाळांतून २१ जुलै हाच दिवस सलोख्याचा दिवस म्हणून पाळतात, व मुले त्या दिवशी एकमेकांच्या समाजाचे पोशाख घालून येतात. आनंदाचा दिवस न निवडता दंग्याचाच दिवस निवडला, हे आम्हांस विशेष वाटले.

भोजनाची हकीकत गाळली तर चिरंजीव रागावेल. एका मोठ्या छपराखाली शंभर गाड्यांचे खाद्यपदार्थ मांडावेत, तशी ही हॉकर सेंटरे असतात. युनेस्कोने २०२० साली यांची गणना मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात केली. गर्दीत जागा धरण्यासाठी लोक टेबलावर कागदी रुमालांची पुडी ठेवून निर्धास्त निघून जातात, आणि तिला कोणी हात लावीत नाही. एस. टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे आम्ही; आम्हांस घरच्यासारखेच वाटले. फरक इतकाच, की आपल्याकडे त्या रुमालावरून तंटा होतो. मुसलमानांची ताटे परत ठेवण्याची मांडणी निराळी असते. ते पाहून सोवळेओवळे कडक पाळणाऱ्या आत्याबाईंचा जीव भांड्यात पडला, आणि एका तमिळ बाईच्या दुकानाचा डोसा त्यांनी परक्या लोकांच्या पंक्तीस बसून खाल्ला. त्यांच्या समोर एक चिनी म्हातारी भात खात होती. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता. तरी जाताना त्या म्हातारीने आत्याबाईंच्या पाठीवरून हात फिरविला.

तिसऱ्या दिवशी यादीतील उरलेल्या स्थळांना रजा देऊन आम्ही आत्याबाईंच्या कामास लागलो. ज्या तुरुंगात हे कैदी ठेवीत, तो ब्रास बासा भागातील तुरुंग आता उरलेला नाही. शेवटचे कैदी १८७३ साली तेथून हलविले गेले. परंतु त्यांच्या हातची कामे उभी आहेत. राष्ट्रपतींचा प्रासाद त्यांनीच बांधला. आणि शहराच्या मध्यभागी, हिरवळीवर, सेंट अँड्र्यूचे शुभ्र कॅथेड्रल आहे, ते १८५६ ते १८६१ या काळात हिंदी कैद्यांच्या श्रमांनी उभे राहिले. आधीच्या चर्चवर दोनदा वीज पडल्याने ते पाडून हे नवे बांधले.

या कैद्यांची व्यवस्था चमत्कारिक होती. ज्याची वर्तणूक चांगली, त्याच्या बेड्या काढीत, त्यास गवंडीकाम, सुतारकाम, दगड घडविणे असे काही शिकवीत, आणि पुढे त्यालाच इतर कैद्यांवर पहारेकरी नेमीत. मॅकनेअर नावाच्या अधिकाऱ्याने १८९९ साली यावर एक ग्रंथच लिहिला. सुटलेल्यांपैकी अनेकांनी तेथेच संसार थाटले.

कॅथेड्रलमध्ये शांतता होती. रंगीत काचांतून ऊन फरशीवर उतरले होते. भिंतींचा गिलावा दगडासारखा कठीण व गुळगुळीत. तो कसा केला, हे आम्ही आत्याबाईंना सांगू लागलो: शिंपल्यांचा चुना घेत, अंड्यांतील पांढरा भाग व जाडी साखर घोटून त्यात मिसळीत, आणि नारळाची सोडणे भिजत घातलेल्या पाण्यात ते कालवीत, गिलावा वाळला की स्फटिकाच्या गोट्यांनी घासून त्यास चकाकी आणीत. मद्रासकडची ही रीत.

“सोडणांचे पाणी?” आत्याबाई एकदम म्हणाल्या. “मग त्याला हे काम नक्की आले असेल. आपल्या घरामागे सोडणांचा ढीग असायचा.”

याच भिंतीवर त्यांचा हात लागला होता काय, हे सांगणारे कोणी नाही. तसे आम्ही बोलूनही दाखविले. आत्याबाईंनी तिकडे लक्ष दिले नाही. खांबाजवळ जाऊन त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला आणि दीडशेहून अधिक वर्षे आमच्या घरात कोणी मोठ्याने न घेतलेले ते नाव घेतले. एकदाच, मोठ्यानेही नव्हे. मग डोळ्यांस पदर लावून बाकावर बसल्या. आम्हांसही काही बोलवेना.

बाहेर पडल्यावर पलीकडच्या पाडांग मैदानावर गेलो. ५ जुलै १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद सेनेची पाहणी केली ती येथेच. झाशीच्या राणीच्या नावाचे स्त्रियांचे पथकही त्याच वर्षी या शहरात उभे राहिले. जवळच्या उद्यानात सेनेचे स्मारक होते, ते १९४५ साली इंग्रजांनी परतताच पाडले. त्या जागी १९९५ साली बसविलेला स्मृतिफलक आम्ही पाहिला. हे स्थळ चिरंजीवाच्या यादीत नव्हते, याची त्यास फार चुटपुट लागली.

तो बाकावर बसून वही काढून लिहू लागला. अकरावे स्थळ म्हणून त्याने हा फलक लिहिला, बारावे म्हणून कॅथेड्रल. मग त्यापुढे कंसात त्याला ते नाव लिहावयाचे होते. गावच्या भाऊबंदांस विचारल्यावाचून ते येथे छापणे बरे नव्हे, म्हणून आम्ही देत नाही. लिहिता लिहिता तो अडला.

“आजी,” त्याने विचारले, “पहिली वेलांटी की दुसरी?”

आत्याबाई विचारात पडल्या. ते नाव त्यांनी ऐकले होते, पण लिहिलेले कधी पाहिलेच नव्हते. “लिही तुला वाटेल तशी,” त्या म्हणाल्या. आणि तो पेन्सिलीने लिहीत असता, वहीवर वाकून, अक्षर न् अक्षर पाहत राहिल्या.