ब्रूच्या दिवशी पायात काय घालावं

घरी बीअर करायची त्या दिवशी पायांच्या आसपास काय काय असतं, ते आधी ओळीने मांडून बघावं. ५ गॅलन, म्हणजे १९ लिटर बीअर हाती यायची तर उकळायला साधारण २५ लिटर वर्ट, म्हणजे मॉल्ट भिजवून काढलेला रस, लागतो. दळलेल्या मॉल्टवर ओतायचं आधण ७२ अंशांच्या आसपास. त्यात मॉल्ट भिजतं ते ६५ ते ६८ अंशांना. मग ७६ अंशांच्या पाण्याने ते धुवून घ्यायचं आणि जमलेला वर्ट तासभर खळखळ उकळायचा. या सगळ्यात भांडी उचलायची, तोट्या उघडायच्या, नळ्या जोडायच्या आणि काढायच्या. हे काम बहुतेक कमरेच्या उंचीवर चालतं. तिथून जे सांडतं ते नडगीवर, घोट्यावर आणि पावलावर येतं.

*

६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडी साधारण ५ सेकंदांत खोलवर भाजतं. ७० अंशांना त्याला साधारण १ सेकंद पुरतो. म्हणजे धोका फक्त उकळीच्या तासापुरता नाही, पहिलं आधण तापलं तेव्हाच तो सुरू झालेला असतो. हात पोळला तर आपण तो झटकन मागे घेतो. बुटात शिरलेल्या गरम पाण्यापासून पाय मागे घेता येत नाही. मोजा भिजतो, कातडीला चिकटतो आणि बूट निघेपर्यंत भाजत राहतो.

म्हणून माझ्या लेखी निवडीचे प्रश्न दोनच. गरम पाणी आत शिरेल का? आणि शिरलंच तर हे पायातून किती चटकन निघेल? मऊपणा, वजन, किंमत, रंग हे सगळं त्यानंतर.

*

या दोन प्रश्नांवर धावण्याचे बूट आधीच बाद होतात. वरची जाळी हवा खेळावी म्हणून केलेली असते आणि तिच्यातून पाणीही तितक्याच सहज आत जातं. वर नाड्या घट्ट बांधलेल्या. पाणी पटकन आत आणि बूट सावकाश बाहेर, असा उलटा हिशोब.

सपाता आणि सँडल यांच्यातून पाय लगेच निघतो हे खरं, पण पाऊल उघडंच असतं. वर भोकं असलेल्या क्रॉक्सचंही तेच. स्वयंपाकी लोक वापरतात तसे, वरून पूर्ण बंद, भोकं नसलेले क्लॉग मिळतात. शेगडीवर लहान प्रमाणात बीअर करणाऱ्यांना ते चांगले. पाणी वरून ओघळून जातं आणि पाय एका झटक्यात मोकळा होतो. त्यांची कमजोरी घोट्याला. भरलेलं भांडं घेऊन पायऱ्या उतरायच्या असतील तर मागून उघडे क्लॉग नकोत.

*

गमबूट. बहुतेकांना आधी हेच सुचतात आणि ओल्या जमिनीवर त्यांच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. पण गमबुटाचं तोंड वर उघडं असतं. पँट आत खोचली की मांडीवर सांडलेला वर्ट कापडावरून ओघळत थेट बुटात उतरतो. आत साचलेल्या पाण्याला बाहेर वाट नसते आणि ओला गमबूट पायाला धरून बसतो. म्हणून व्यावसायिक ब्रुअरीत नव्या माणसाला सांगतात की पँट बुटाच्या बाहेर ठेव. ती घोट्याच्या खालपर्यंत यायला हवी. एप्रन घालायचा तर तोही बुटाच्या तोंडाच्या खाली पोचेल इतका लांब.

हे चिखलातल्या सवयीच्या उलट आहे. भातलावणीला किंवा पावसात पँट खोचणंच बरोबर, कारण तिथे पाणी खालून येतं. ब्रू करताना ते वरून येतं.

गमबूट घ्यायचेच तर अर्ध्या नडगीपर्यंतचे, तोंड जरा सैल असलेले घ्यावेत. टाचेमागे छोटा उंचवटा असला तर उत्तम, कारण दुसऱ्या पायाने तो दाबून बूट उभ्याउभ्या काढता येतो.

*

बायकांसाठी एक वेगळं टिपण. गमबूट आणि सेफ्टी बूट बहुतेक दुकानांत पुरुषांच्या मापावर बेतलेले असतात. लांबी जुळली तरी टाच आत सरकते. सरकणारी टाच आणि हातात २० किलोंचं भांडं हे एकत्र नको. मी जाड जादा इनसोल घालून भागवत नाही, बायकांच्या मापाचाच जोड मागवते. तो यायला वेळ लागतो, पण ब्रूचा दिवस पुढे ढकलता येतो.

*

नाडीचे चामडी बूट दणकट असतात आणि घोट्याला आधार देतात. पण त्यांच्या जिभेच्या दोन्ही बाजूंच्या फटींतून पाणी आत जातं आणि ओल्या नाडीची गाठ सुटायला वेळ लागतो. त्यापेक्षा बाजूला इलॅस्टिक असलेले, ओढून घालायचे चेल्सी बूट मला पटले आहेत. टास्मानियाच्या ब्लंडस्टोनचे किंवा तशाच घडणीचे. चामडं जाड असतं, पुढून फट नसते आणि मागची पट्टी ओढली की बूट निघतो. इलॅस्टिकच्या पट्टीतून थोडं पाणी झिरपतं, म्हणून इथेही पँट बाहेरच.

बूट नवा असताना एक चाचणी घ्यावी. मोजे घालून, उभ्याने, खाली न बसता, हातात काही नसताना तो किती वेळात निघतो ते बघायचं. नंतर हीच चाचणी ओल्या बुटाने. गाठ शोधावी लागली किंवा भिंत धरावी लागली, तर तो बूट या कामाचा नाही.

*

आमच्याकडे मिनेसोटात हिवाळ्यातला ब्रू ही वेगळीच गोष्ट आहे. प्रोपेनचा बर्नर बंद गॅरेजमध्ये कधीच पेटवायचा नाही, कारण त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. म्हणून बाहेर उणे १५ असलं तरी ब्रू उघड्यावरच करायचा. मग पाय काँक्रीटवर गारठतात आणि सांडलेलं पाणी काही मिनिटांत काचेसारखं गोठतं.

इथे तळाला जाड, खोल नक्षीचं रबर हवं, आणि बोटांवर पोलादी टोपीऐवजी कॉम्पोझिट टोपी बरी, कारण पोलाद थंडी थेट बोटांपर्यंत पोचवतं. मोजे लोकरीचे. ते दमट झाले तरी ऊब देतात. मात्र गरम पाणी सांडलं तर लोकरीचा मोजाही बुटाबरोबर लगेच काढायचा. जाड मोजा उष्णता अडवतो तशी धरूनही ठेवतो.

गोठलेल्या जागेवर वाळू टाकून ठेवते. बुटांनी सगळं होत नाही.

*

निसरडेपणाबद्दल. घरच्या ब्रूमध्ये भाजण्याइतकंच पडण्याचं भय असतं, आणि पडताना हातात बहुतेक वेळा भांडं असतं. जमिनीवर तीन गोष्टी येतात. साधं पाणी, चिकट वर्ट, आणि फॉस्फोरिक आम्लावर चालणाऱ्या सॅनिटायझरचा फेस. तिसरी सगळ्यात फसवी. त्यातलं साबणासारखं द्रव्य गुळगुळीत फरशीवर पातळ थर धरतं.

सेफ्टी बुटांच्या युरोपीय मानकात, ईएन आयएसओ २०३४५ मध्ये, घसरण्याची चाचणी असते. जुन्या जोडांवर एसआरए म्हणजे साबणपाणी लावलेल्या सिरॅमिक फरशीवरची, एसआरबी म्हणजे ग्लिसरीन लावलेल्या पोलादावरची, आणि एसआरसी म्हणजे दोन्ही. २०२२ च्या आवृत्तीपासून ही अक्षरं गेली, आता नुसतं एसआर दिसतं. आपल्या कामाला साबणपाण्याची चाचणीच जवळची.

पण अक्षरं नव्या तळाची असतात. नक्षीत वाळलेला वर्ट आणि मॉल्टचा चोथा भरला की ती चाचणी निरर्थक झाली. ब्रू संपल्यावर भांड्यांबरोबर बुटांचे तळही गरम पाण्याने आणि ब्रशने घासावेत. एवढी एक सवय महाग बुटापेक्षा जास्त वाचवते.

*

पॉलियुरेथेनचा तळ हलका आणि पायाला सुखाचा असतो, पण तो वर्षानुवर्षं पडून राहिला की हवेतल्या दमटपणाने आतून विघटित होतो. वरून बूट नवाकोरा दिसतो आणि चालायला लागल्यावर तळाचे तुकडे पडतात. वर्षातून दोनतीनदाच ब्रू करणाऱ्यांना हे विशेष लागू. त्यांनी नायट्राइल रबराचा तळ बघावा. दर हंगामाच्या सुरुवातीला बूट हातात घेऊन तळ वाकवून बघावा, भेग दिसली तर तो जोड बाद.

*

काचेचा कारबॉय. ५ गॅलनचा भरलेला बुधला २५ किलोंच्या आसपास जातो, ओला असला की हातातून निसटतो आणि फुटला की त्याचे लांब धारदार तुकडे होतात. बंद चामडी बूट पाऊल वाचवेल, पण घोट्याच्या वरच्या भागाला आणि मनगटाला तो काही करू शकत नाही. निसटलेला कारबॉय झेलायला जाऊ नये, मागे सरावं. आणि मागे सरता यावं म्हणून मागची जागा मोकळी ठेवावी.

या बाबतीत माझं मत ठाम आहे. बुटांवर खर्च करण्याआधी काच घरातून काढावी आणि प्लॅस्टिकचा किंवा स्टीलचा फर्मेंटर घ्यावा. जो धोका मुळातच काढून टाकता येतो त्याच्यासाठी चिलखत शोधत बसू नये.

*

टोपीचे बूट घरी लागतात का? बाटल्या भरणाऱ्याला बहुधा नाही. केग वापरणाऱ्याला हो. ५ गॅलनचा भरलेला केग २३-२४ किलोंचा असतो आणि त्याची खालची कड बोटांवर आली तर बोटं मोडतात. २०३४५ मानकातली टोपी २०० ज्यूलचा आघात सोसते. म्हणजे सुमारे २० किलो वजन सुमारे १ मीटरवरून पडल्याइतका. भारतात सेफ्टी बुटांसाठी आयएस १५२९८ हा क्रमांक बघायचा.

*

स्वच्छतेची रसायनं. अल्कली चामड्याचा नाश करते. ते कडक होतं, शिवणी उसवतात. कॉस्टिक सोडा वापरणाऱ्याने त्या कामापुरते रबराचेच बूट घालावेत. घरच्या कामाला परकार्बोनेटवर आधारित सौम्य पूड पुरते, कॉस्टिकची गरज फारशी पडत नाही. बुटात काहीही शिरलं तर बूट आणि मोजा काढून पाय वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धरायचा. झोंबत नाही म्हणून थांबायचं नाही, कारण कॉस्टिक आधी झोंबत नाही आणि तोवर कातडी खात असतं.

*

आता आपल्या घरांबद्दल. मिनियापोलिस असो की मेलबर्न, मराठी घरात चपला दारातच निघतात आणि स्वयंपाकघरात सगळे अनवाणी किंवा नुसत्या मोज्यांवर वावरतात. सवय चांगली आहे आणि मला ती सोडायची नाही. पण शेगडीवर २० लिटर वर्ट उकळत असताना तीच सवय सगळ्यात घातक ठरते. घरात बूट नकोत म्हणून लोक अनवाणी ब्रू करतात, परदेशातल्या कितीतरी आपल्या माणसांकडे मी हे पाहिलं आहे.

यावर उपाय सोपा. बाथरूमच्या चपला वेगळ्या असतात तसा ब्रूचा जोड वेगळा ठेवायचा. तो कधी रस्त्यावर जात नाही, त्यामुळे स्वयंपाकघर विटाळत नाही. मॉल्टच्या डब्याशेजारी त्याची जागा ठरलेली असावी. बर्नर पेटवण्याआधी पायात, बर्नर थंड झाल्यावरच बाहेर. आणि जमिनीवर रंगीत टेपची रेघ. रेघेच्या आत बंद बूट नसलेलं कुणी येणार नाही. मुलं तर नाहीच, आणि चव बघायला आलेला मित्रही नाही.

*

अमेरिकेत घरगुती बीअर केंद्रीय कायद्याने मोकळी झाली ती १९७८ च्या कायद्यामुळे, जिमी कार्टर यांच्या सहीने. शेवटची दोन राज्यं, मिसिसिपी आणि अलाबामा, २०१३ मध्ये आली. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बीअर करता येत नाही. पण पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरींत रोज हेच काम करणारी मुलं-मुली आहेत. त्यांच्यासाठी बूट ही वैयक्तिक आवड नसावी. चांगला जोड मालकाने द्यावा आणि तो झिजला की न मागता बदलून द्यावा.

*

सुखाबद्दल थोडं, कारण ते सुरक्षिततेपासून वेगळं नाही. ब्रूचा दिवस पाचसहा तासांचा. पाय दुखायला लागले की माणूस एका पायावर भार देतो, घाई करतो, भांडं नीट न धरता उचलतो. बूट संध्याकाळी विकत घ्यावेत, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. जे मोजे घालून ब्रू करणार तेच घालून मापावेत. काँक्रीटवर उभं राहायचं तिथे पाणी निचरणारी, भोकांची रबरी मॅट टाकावी. तिच्या कडा उतरत्या हव्यात, नाहीतर तिच्यातच पाय अडकेल.

*

भाजलंच तर. बूट, मोजे, भिजलेली पँट लगेच काढायची. कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढायचं नाही. पाय २० मिनिटं गार, वाहत्या पाण्याखाली. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको. मग स्वच्छ प्लॅस्टिक फिल्म सैल ठेवून डॉक्टरकडे. पावलाचं भाजणं लहान दिसलं तरी दाखवावं. शरीराचा सगळा भार त्याच कातडीवर पडतो आणि जखम तिथे सहज चिघळते.

गॅस कसा बंद करायचा हे घरातल्या दुसऱ्या एका माणसाला आधीच दाखवून ठेवावं. भाजलेल्या माणसाने बर्नरकडे परत जायचं नाही.

*

नुकतीच सुरुवात करणारे विचारतात, आधी काय घ्यावं? मोठं पातेलं, चांगला बर्नर, वर्ट थंड करायची तांब्याची नळी अशी यादी त्यांच्या मनात असते. मी त्यात पहिल्या ओळीवर बूट लिहायला सांगते. ओढून घालायचे, घोट्याच्या वरपर्यंत बंद, रबरी तळाचे, स्वतःच्या मापाचे. जमलं तर पाहुण्यांसाठी एक जादा मोठा जोड. पातेलं लहान असलं तर बीअर थोडी कमी होईल, आणि ते पुढच्या वर्षी बदलता येईल.