चार दिवसांचा दवाखाना

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शाळेतील आम्हां चौघा विद्यार्थ्यांस एका वैद्यकीय सेवापथकाबरोबर खेड्यात जाण्याचा सुयोग लाभला. मंडळीने पाठविलेल्या त्या पथकात दोन डॉक्टर, एक नेत्रतज्ज्ञ, दोन परिचारिका व औषधे देणारे एक गृहस्थ होते. गाव रत्नागिरीपासून फार दूर नव्हते. परंतु कोकणातील अंतर मैलांनी मोजून भागत नाही. एक वाडी खाडीकाठी, दुसरी सड्यावर, तिसरी डोंगराच्या कुशीत, आणि मध्ये चढउताराची पाखाडी. धडधाकट मनुष्यास जी वाट अर्ध्या तासाची, तीच गुडघे धरलेल्या वृद्धेस अर्ध्या दिवसाची होते.

जांभ्या दगडाच्या शाळेत आमचा दवाखाना थाटला. प्रातःकाळी आंब्याच्या झाडाखाली प्रार्थना होई व लगेच कामास आरंभ होई. जात वा धर्म कोणासही विचारला जात नसे. विचारीत ते एवढेच, की दुखते कोठे? माझ्याकडे रुग्णांची नावे लिहिण्याचे व औषधांच्या पुड्यांवर खुणा करण्याचे काम होते. ज्यांस वाचता येत नसे त्यांच्या पुडीवर सकाळच्या गोळीसाठी सूर्य व रात्रीच्या गोळीसाठी चंद्रकोर काढावयाची. पहिल्याच सायंकाळी माझी वही भरत आली आणि आपण काही मोठे कार्य करीत आहोत, असा अभिमान माझ्या मनात शिरला.

दुसऱ्या दिवशी वरच्या वाडीतील एक आजी आल्या. त्यांची तक्रार गुडघ्यांची होती. परंतु डॉक्टरांनी रक्तदाब मोजला तो वरचा आकडा १८० च्याही पुढे गेला. डॉक्टरांनी त्यांस एक महिन्याच्या गोळ्या लिहून दिल्या. मी पुडीवर सूर्य काढला, "आजी, रोज सकाळी एक घ्या," असे घाईघाईने सांगितले आणि पुढच्या मनुष्याचे नाव पुकारले. चौथ्या दिवशी आम्ही निघालो, तेव्हा गावकऱ्यांनी नारळ व आमसुले बरोबर दिली. परतीच्या वाटेवर आम्ही मोठ्या आनंदाने गाणी गाइली.

नाताळाच्या सुट्टीत तयार झालेले चष्मे पोहोचविण्यासाठी गुरुजींबरोबर मी त्या गावी पुन्हा गेलो. चष्मा देण्यास आजींच्या घरी गेलो असता त्यांनी कौतुकाने एक पत्र्याचा डबा उघडून दाखविला. आत मी सूर्य काढलेली पुडी होती, आणि बहुतेक सर्व गोळ्या तशाच होत्या!

"आजी, आपण गोळ्या घेतल्या नाहीत?" मी विचारले.

"घेते तर! डोके गरगरले म्हणजे एक घेते. बाळा, या संपल्या म्हणजे तुम्ही कुठे असणार? म्हणून जपून ठेवल्यात."

मी निरुत्तर झालो. रक्तदाबाचा विकार बहुधा मुकाट्याने वाढतो. डोके गरगरो वा न गरगरो, गोळी नित्य घ्यावी लागते. न घेतल्यास एखादे दिवशी अर्धांगवायूचा झटका येऊ शकतो. हे आजींस समजावून सांगण्यास मला दोन मिनिटे पुरली असती. परंतु मला वही भरावयाची होती! आजींचा हिशेब मात्र अगदी बिनचूक होता. जे चार दिवसांसाठी येतात, त्यांचे औषध मनुष्य जपूनच वापरणार.

पूर्वीच्या वैद्यकीय सेवकांस असा प्रश्न कोणी केला असता, तर त्यांस उत्तर देता आले असते. डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली या देशात आले, १८९४ साली त्यांनी मिरजेस रुग्णालय उघडले आणि १९२८ पर्यंत ते तेथे राबले; वानलेसवाडी हे नाव आजही त्यांची आठवण देते. वेंगुर्ले १९८१ पर्यंत आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात होते. तेथे अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे डॉ. गोहीन सहकुटुंब राहिले. त्यांचे पुत्र रॉबर्ट १९१९ साली वेंगुर्ल्यासच जन्मले. तेच पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष व १९७७ साली अमेरिकेचे भारतातील राजदूत झाले. ज्यांची लेकरे आपल्या मातीत वाढली, त्यांस "तुम्ही कुठे असणार?" असे कोण विचारील?

परंतु सर्वांसच असे राहता येत नाही. मग चार दिवसांची सेवा व्यर्थ समजावी काय? परतताना हे मी गुरुजींस विचारले. ते म्हणाले, "चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत आठव. तो लूकच्याच शुभवर्तमानात आहे, आणि लूक स्वतः वैद्य होता. शोमरोनी तरी त्या जखमी मनुष्यापाशी किती राहिला? एक रात्र! पण जाण्यापूर्वी त्याने त्यास उतारशाळेच्या रखवालदाराच्या स्वाधीन केले, खर्चाचे पैसे दिले व परत येण्याचे वचन दिले. जखमा बांधणे आपणांस आठवते; स्वाधीन करणे आपण विसरतो."

त्याच दुपारी आम्ही वाट वाकडी करून सरकारी आरोग्य उपकेंद्रात गेलो. तेथील परिचारिकाबाईंनी आजींचे नाव आपल्या नोंदवहीत घेतले. रक्तदाबाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात, हे मला त्या दिवशी कळले. २००५ सालापासून गावोगावी आशा सेविका नेमल्या गेल्या. त्या वाडीच्या सेविकाताई आजींच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहत होत्या, आणि आम्ही चार दिवसांत त्यांची साधी भेटही घेतली नव्हती! आता त्या दरमहा गोळ्या आणून देतात, आणि आजींचा डबा रिकामा होतो व पुन्हा भरतो, असे त्यांनी गुरुजींस नुकतेच कळविले आहे.

पुढील वर्षी आमच्या जागी जे विद्यार्थिबंधू व भगिनी जातील, त्यांस माझी एवढीच विनंती आहे. पुडीवर सूर्य अवश्य काढा. परंतु गावात पाऊल टाकताच प्रथम त्या गावच्या आशाताईंचे घर विचारा. आपण गेल्यावर मागे राहणार त्या त्याच.