चार बोटांवरचा सूर्य

घरात एखादी वस्तू बिघडली की माणसांचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, "दुकानात नेऊन द्या." दुसरा काहीच म्हणत नाही, तो पाना-पकड शोधू लागतो. हा दुसरा तट संख्येने थोडका, पण घरच्या मंडळींच्या दृष्टीने भारी उपद्रवी. जेवणाच्या टेबलावर जुने वर्तमानपत्र अंथरून मिक्सरची हाडे मोकळी करणारा, इस्त्रीची वायर तपासताना दोन तास दिवाणखाना अडवून बसणारा, आणि एवढे करून शेवटी हातात उरलेल्या एका स्क्रूकडे विचारमग्न होऊन पाहणारा माणूस आपणही पाहिला असेल. आमच्या घरी तो मी आहे. त्यातून सुटीच्या दिवशी हा गृहस्थ घरी राहून चार कामे करील म्हणावे, तर त्या दिवशी तो पाठीला पिशवी मारून कुठल्या तरी किल्ल्यावर चढलेला असतो!

ही दोन्ही व्यसने मला माझ्या थोरल्या मामांनी लावली. मामा लालबागच्या चाळीत राहत आणि परळच्या एका गिरणीत साचेखात्यात फिटर होते. आठवड्याचे सहा दिवस यंत्रांच्या खडखडाटात गेल्यावर सातव्या दिवशी माणसाला गादीवर पडून राहावेसे वाटावे. मामा शनिवारी रात्रीच कर्जतची गाडी पकडत. शाळेला सुटी लागली की मी आजोळी असे आणि मामांच्या मागून चालण्याचा मान मला मिळे. कोंडिवडे, कोंढाण्याची लेणी आणि तिथून राजमाचीची चढण ही त्यांची आवडती वाट. वर गेले की श्रीवर्धन आणि मनरंजन हे बालेकिल्ले शेजारी शेजारी उभे. मामा श्रीवर्धनच्या माथ्यावर बसून विडी ओढत आणि म्हणत, "इथे बघ, कसा कान मोकळा झाला." साचेखात्यातल्या माणसाला शांतता हीसुद्धा कानाने ऐकावी लागते, हे मला तेव्हा कळत नव्हते.

मामांजवळ एक खाकी पोतडी असे. तिच्यात मेण लावलेला दोरा, दाभण, स्टोव्हच्या पिना, कातड्याचे दोन वॉशर, तुरटीचा खडा, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या आणि दहा हात दोर. ट्यूबच्या पट्ट्या कशाला म्हणाल, तर दोन कामांना. काहीही करकचून बांधायला, आणि पावसाळ्यात चूल पेटवायला. रबर ओले झाले तरी पेटते आणि बराच वेळ जळते. लाकूड मात्र जमिनीवरचे उचलायचे नाही. झाडावरच वाळून अडकून राहिलेली काटकी घ्यायची आणि तीही मधून चिरायची; वरची साल भिजली तरी गाभा कोरडा निघतो. आता कित्येक किल्ले अभयारण्यात येतात, तिथे चूल पेटवायची बंदी आहे, आणि ते बरेच झाले. आम्ही मंडळींनी चहाच्या हौसेपायी सह्याद्रीची पुरेशी राख केली आहे.

पण पोतडीपेक्षाही मामांचा मोठा ऐवज म्हणजे त्यांचा संशय. पुस्तकात छापले आहे म्हणून एखादी गोष्ट खरी, हे त्यांना मुळीच मान्य नसे. १९८१ च्या मे महिन्यात आमच्याबरोबर चाळीतला एक कॉलेजात जाणारा मुलगा आला होता. त्याच्याजवळ बालवीरांसाठी लिहिलेले एक इंग्रजी पुस्तक होते. परतताना उधेवाडीपाशी आम्हांला उशीर झाला. त्याने हात लांब केला, चार बोटे आडवी धरली, सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये ती बरोबर बसवली आणि जाहीर केले, "एका बोटाची पंधरा मिनिटे. अजून तासभर उजेड आहे. उतरू या."

मामांनी आपली चार बोटे धरून पाहिली आणि म्हणाले, "अर्धा तास. आज मुक्काम इथेच."

मुलगा हसला. दुसऱ्या दिवशी त्याची परीक्षेची शिकवणी होती. माझ्याही मनात आले, मामा उगाच घाबरतात. मग आम्ही तिघे गावाच्या कडेला एका पडवीत बसून सूर्याकडे पाहत राहिलो. पस्तीस मिनिटांत तो पार बुडाला आणि पाहता पाहता काळोख झाला. खालच्या रानातून त्या वेळी काही दिसणे शक्य नव्हते. वाट अरुंद, एका अंगाला दरी, आणि आमच्याकडे मिळून एक विजेरी. तो मुलगा रात्रभर फारसा बोलला नाही. मामाही बोलले नाहीत. त्यांनी त्याला आपली चादर तेवढी दिली.

पुढे मी थोडेफार गणित शिकलो तेव्हा याचा उलगडा झाला. सूर्य आकाशात तासाला पंधरा अंश सरकतो. चार बोटे म्हणजे सुमारे आठ अंश. विलायतेत सूर्य तिरका, रेंगाळत मावळतो, म्हणून त्याला तेवढे अंतर उतरायला बराच वेळ लागतो, आणि नंतरही संधिप्रकाश पुष्कळ वेळ टिकतो. आपल्याकडे, एकोणीस अक्षांशांवर, तो जवळजवळ सरळ खाली उतरतो. आठ अंश उतरायला त्याला अर्ध्या तासाच्या थोडे वर पुरते. पुस्तक खोटे नव्हते; ते दुसऱ्या गावचे होते. मामांना यातले गणित ठाऊक नव्हते. त्यांनी चाळीच्या गच्चीवरून कितीतरी संध्याकाळी बोटे धरून मोजले होते, इतकेच.

त्याच पुस्तकातली घड्याळाची युक्तीही आपल्याला माहीत असेल: तासकाटा सूर्याकडे करा, तो आणि बाराचा आकडा यांच्या मधोमध दक्षिण दिशा. ही युक्ती आपल्याकडे दोन कारणांनी फसते. एक तर आपले घड्याळ ८२.५ रेखांशाचे. मुंबईचा खरा मध्यान्ह त्यामानाने सुमारे ३९ मिनिटे उशिरा होतो. एकेकाळी मुंबईची स्वतःची वेळ तेवढीच मागे असे. दुसरे कारण याहून जबर. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मुंबईचा मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या दक्षिणेला नसतोच, उत्तरेला असतो! त्या दिवसांत जो या युक्तीच्या भरवशावर रानात शिरेल तो खुशाल उलट्या दिशेला चालू लागेल. त्यापेक्षा काठी रोवावी, सावलीच्या टोकाशी एक खडा ठेवावा, पंधरावीस मिनिटे बसून शेंगदाणे खावेत आणि मग सावलीच्या नव्या टोकाशी दुसरा खडा ठेवावा. पहिला खडा पश्चिमेचा, दुसरा पूर्वेचा. अंदाजापुरते हे पुरे होते. रात्री ध्रुव शोधावा. हात लांब करून क्षितिजावर दोन मुठी एकावर एक ठेवल्या की मुंबई-पुण्याकडे तो त्यांच्या टोकाशी, किंचित खालीच, सापडतो.

स्टोव्हचे शास्त्र मी यानंतर शिकलो. पितळी प्रायमसची घडण स्वीडनमधली, १८९२ सालची, लिंडक्विस्ट नावाच्या कारागिराची. दक्षिण ध्रुवावर १९११ साली अॅमुंडसेनच्या तुकडीबरोबर तो गेला, १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही होता, आणि लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीतही होता. पंप मारला की टाकीतली हवा रॉकेलला दाबून वर चढवते. तापलेल्या बर्नरमध्ये रॉकेलची वाफ होते, ती बारीक भोकातून जोराने निघते, हवेत मिसळते आणि निळी जळते. बर्नर तापलेला नसेल तर वाफेऐवजी रॉकेलच बाहेर येते आणि पिवळा भडका होतो. म्हणून आधी काकडा पेटवून धीराने थांबायचे. भडका झालाच तर घाबरून फुंकायचे नाही, पाणी ओतायचे नाही; हवेची चावी सैल करायची. दाब गेला की ज्योत आपोआप बसते. पंप पोकळ लागत असेल तर आतला कातडी वॉशर सुकलेला असतो; त्याला तेलात भिजवून फुगवला की तो पुन्हा हवा धरतो.

त्या काळी वर्तमानपत्रांत वरचेवर एक बातमी येई. स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. चार ओळींची असे, आतल्या पानावर. मामी ती मोठ्याने वाचू लागली की मामा म्हणत, "पुरे." स्टोव्ह कसा भडकतो हे त्यांना पुरेपूर ठाऊक होते, म्हणूनच तो कसा भडकत नाही, हेही ठाऊक होते. एकदा तशीच एक घटना आमच्याच गल्लीत घडली. पंचनाम्याच्या वेळी मामा आपण होऊन पुढे गेले आणि म्हणाले, "हा स्टोव्ह पेटलेलाच नाही. याचा बर्नर कोरा आहे." त्यांचे म्हणणे कुणी लिहून घेतले की नाही, देव जाणे. पण त्या बिऱ्हाडाने पुढे मामांशी बोलणे टाकले, आणि मामांनी त्यांच्याकडचे दुरुस्तीचे काम कधी घेतले नाही.

काम म्हणतो आहे, कारण तोवर हौसेचे काम झाले होते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. चार आठ दिवसांत मिटेल, असे चाळीत जो तो म्हणत होता. तो कधी रीतसर मिटलाच नाही, आणि मामा पुन्हा गिरणीत गेले नाहीत. तीन महिन्यांनी त्यांनी पोतडीतले सामान एका पत्र्याच्या पेटीत भरले आणि चाळीच्या जिन्याखाली बसू लागले. स्टोव्हला पिन घालायचे आठ आणे, वॉशर बदलायचा रुपया, सायकलचे पंक्चर, छत्रीची काडी, कुलपाची किल्ली. लोक घासाघीस करत. तेही संपातलेच होते, त्यांनी तरी काय करावे?

पंक्चर काढताना मामा गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवत. ट्यूब घासून सोल्युशन लावले की लगेच ठिगळ चिकटवायचे नाही. ते बोटाला ओले न लागता नुसते चिकट लागेपर्यंत थांबायचे. घाईने लावलेले ठिगळ आठवड्यात सुटते. कोपऱ्यावरचा दुकानदार थांबत नसे आणि त्याच्याकडे गर्दी जास्त असे. हे मी मामांना बोलून दाखवले, तर ते म्हणाले, "त्याचं गिऱ्हाईक परत येतं रे. माझं येत नाही. धंदा त्याला कळतो."

१९८४ च्या पावसाळ्यात मी त्यांना म्हटले, "मामा, राजमाचीला जाऊ या." तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो आणि गाडीभाड्याचे पैसे माझे होते. मामा हातातली ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते पाहत होते. मान वर न करता म्हणाले, "रोजच रविवार झाला, आता वेगळा रविवार कुठून आणू?" त्यानंतर मी विचारले नाही. ते पुढे पंधरा वर्षे जगले. राजमाचीला पुन्हा आले नाहीत. पण मी एकटा जाऊन आलो की पाण्याचे टाके भरले होते का, कोंढाण्याच्या वरची वाट ढासळली का, उधेवाडीत कुणाकडे जेवलास, हे सारे खोदून खोदून विचारत, आणि मी सांगत असता त्यांचे हात थांबत. माझ्या आठवणीत त्यांचे हात थांबलेले तेवढेच.

किल्ल्यावरच्या टाक्याचे पाणी कसे प्यावे यावर मामांचा आणि मामीचा कायमचा वाद. मामा तुरटी फिरवत. मामी म्हणे, तुरटीने गाळ बसतो, रोग बसत नाही; जुने लुगडे चौपदरी करून गाळा आणि मग उकळा. मामा गेल्यावर, २००३ साली, रीटा कोलवेल या शास्त्रज्ञ बाईंचे बांगलादेशातले संशोधन प्रसिद्ध झाले. तिथल्या खेड्यांतून बायकांनी जुन्या साडीच्या घड्यांतून पाणी गाळले तेव्हा पटकीचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. कारण तिचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून असतात आणि ते जीव घडीत अडकतात. साडी जुनीच हवी, कारण धुऊन धुऊन धागे पिंजारतात आणि छिद्रे बारीक होतात. मी मोठ्या उत्साहाने हे मामीला सांगायला गेलो. ती म्हणाली, "त्या बाईंना एवढं कळायला अमेरिकेहून यावं लागलं होय?" आणि क्षणभराने, "यांना सांगायला हवं होतं."

मामांची पत्र्याची पेटी आता माझ्याकडे आहे. आमच्या सोसायटीत स्टोव्ह कुणाकडे नाही. मिक्सर, पंखे आणि मुलांच्या सायकली मात्र येतात. पैसे मी घेत नाही. ते परवडते म्हणून घेत नाही, हे मला चांगले ठाऊक आहे. वरच्या मजल्यावरची एक दहा वर्षांची मुलगी हल्ली शेजारी येऊन बसते आणि सोल्युशन वाळले का, हे माझ्याआधी बोट लावून पाहते.

दर खंडेनवमीला मी पेटी रिकामी करून एकेक हत्यार पुसतो, तेल लावतो. त्यांतल्या एकाचा उपयोग मला अजून उमगलेला नाही. वीतभर लांब लोखंडी पट्टी आहे, एका टोकाला चौकोनी खाच, दुसरे टोक बैलाच्या शिंगासारखे वळवलेले, मध्ये तीन भोके आणि पाठीवर कानशीने कोरलेला ४७ हा आकडा. बाजारातली वस्तू नव्हे. मामांनी गिरणीत स्वतः घडवलेली दिसते, साच्याच्या कुठल्या तरी अडचणीच्या जागी हात पोचावा म्हणून. जुन्या साचेवाल्यांपैकी जे भेटले त्यांना मी ती दाखवली. एक म्हणाला धोट्याच्या पेटीची, दुसरा म्हणाला मुळीच नाही. वाचकांत कुणी साचेखात्यातले असतील आणि या वर्णनावरून त्यांना ओळख पटत असेल, तर त्यांनी जरूर कळवावे.