सिकल निगेटिव्ह, म्हणजे रक्त चांगलं?

माझ्या धाकट्या बहिणीचे तीन गर्भ गेले. तिसरा पाचव्या महिन्यात. सासर सिंदेवाही तालुक्यात. तिसऱ्या वेळी घरातलंच कुणी म्हणालं, "हिच्या अंगातच दोष आहे." मी पंधरा वर्षं आरोग्याच्या बातम्या लिहितोय. तरी गप्प बसलो.

आपल्याकडे रक्त तपासलं म्हणजे सिकलसेल तपासली. तिची निगेटिव्ह. सगळ्यांनी धरून चाललं, रक्त चांगलं आहे. नागपूरच्या एका डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा वेगळं नाव घेतलं : अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडीज. रोगाशी लढायच्या अँटीबॉडीज आपल्याच शरीरावर उलटतात. वारेत सूज येते, कधी गुठळ्या होतात, वार नीट रुजत नाही आणि बाळाचं पोषण तुटतं. लंडनच्या डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी 1983 मध्ये हा आजार मांडला. चाळीस वर्षं झाली! आपण अजून नजर आणि पपईवरच.

खरी अडचण पुढं आहे. एका रिपोर्टवर निदान होत नाही, कारण एखाद्या संसर्गानंतरही या अँटीबॉडीज काही काळ दिसतात. म्हणून किमान 12 आठवड्यांनी पुन्हा तपासणी. पहिली एप्रिलात झाली, दुसरी आली ऐन रोवणीत. "धान रोवून झाल्यावर पाहू," असं ठरत होतं. मीच जाऊन तिला एसटीत बसवलं. पुन्हा पॉझिटिव्ह. परतताना बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "दादा, म्हणजे माही चूक नव्हती न?"

चौथ्या वेळी कमी मात्रेची ॲस्पिरिन आणि रोज पोटात हेपॅरिनचं इंजेक्शन. स्वतःच टोचायची. बाळ 37व्या आठवड्यात आलं. उपचारानंतरही प्रत्येकीला यश येतंच असं नाही, आणि हे वाचून कुणी परस्पर गोळ्या सुरू करू नका. पण तीन गर्भपात झाले असतील, किंवा दहा आठवड्यांनंतर एकदा जरी गर्भ दगावला असेल, तर डॉक्टरांना या तपासणीचं विचारा.

सिकलसेलसाठी आयसीएमआरचं केंद्र चंद्रपुरात आहे. ते मुंबईच्या ज्या एनआयआयएच संस्थेचं, तिथं वारंवार होणाऱ्या गर्भपातावरही संशोधन झालंय. मग जिल्हा रुग्णालयात रक्त घेऊन नमुना पुढं पाठवायला काय हरकत आहे? तीनपैकी दोन तपासण्या साध्या सीरमवर होतात. तिसरीला प्लाझ्मा लवकर वेगळा करावा लागतो, त्याची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी करता येते. माझ्या बहिणीला एसटीत बसवायला मी होतो. सिरोंचा-भामरागडच्या बाईनं तीन महिन्यांत दोनदा नागपूर कसं गाठायचं, हे पालकमंत्र्यांनी सांगावं.