उरलेला अर्धा हप्ता

वडिलांच्या मागे राहिलेल्या कागदांत त्यांची हिशेबाची वही सापडली. ते इंग्रजीतून मराठीत भाषांतरे करीत आणि भाषांतर हाती नसे तेव्हा मुद्रिते तपासत. पुण्यातल्या चार-पाच प्रकाशकांकडे त्यांची नित्य ये-जा होती. नोकरी एकाकडेही नव्हती. वहीत फर्म्यांची संख्या, दर, आलेली रक्कम. 1994च्या पावसाळ्यातली पाने मात्र कोरी आहेत. त्या वर्षी त्यांच्या डोळ्याचा पडदा सरकला, शस्त्रक्रिया झाली, आणि तीन महिने अक्षर वाचायचे नाही असे डॉक्टरांनी बजावले. त्या काळात एका प्रकाशकांनी माणसाबरोबर पाचशे रुपयांचे पाकीट पाठवले. वडिलांनी ते ‘उसने’ या रकान्यात लिहिले आहे.

आमच्या शेजारी मार्केट यार्डात हमाली करणारे एक गृहस्थ राहत. त्यांचाही मालक एक नव्हता. आज या गाळ्यावर, उद्या त्या. पण 1969च्या माथाडी कायद्याने त्यावर तोड काढली होती. व्यापाऱ्याने मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही मंडळाकडे भरायची आणि मंडळाने त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधपाणी यांची तरतूद करायची. मालक अनेक, म्हणजे मालक कोणीच नाही, हा युक्तिवाद तिथे चालला नाही. “पाठीवर पोते असते तर बरे झाले असते,” असे आई एकदा म्हणाल्याचे आठवते. वडील हसले नव्हते.

त्याच 1969 साली कोलोनला जर्मन लेखकांची संघटना स्थापन झाली. तिथे हाइनरिख ब्योल यांनी केलेल्या भाषणाचे शीर्षकच ‘नम्रतेचा शेवट’ असे होते. लेखक हा उपकारावर जगणारा प्राणी नसून त्याच्या कामावर इतरांचे व्यवसाय उभे असतात, हा हिशेब तेव्हापासून उघडपणे मांडला जाऊ लागला. त्यातून 1981मध्ये कायदा झाला आणि 1983पासून तो अमलात आला. स्वतंत्रपणे काम करणारा लेखक, भाषांतरकार, चित्रकार, वादक आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतन यांचा अर्धाच हप्ता भरतो, नोकरदार भरतो तसा. उरलेल्या अर्ध्यातला काही भाग सरकार देते, बाकीचा प्रकाशक, कलादालने, नाट्यगृहे अशांकडून वसूल होतो. 2025 साली हा दर मानधनाच्या 5 टक्के होता. मला सर्वांत शहाणपणाचे वाटले ते पुढचे कलम. ज्याला मानधन दिले तो या योजनेत असो वा नसो, प्रकाशकाने आकार भरायचाच. म्हणजे विमा नसलेला माणूस शोधून पैसे वाचवण्याची वाटच बंद. प्रकरण घटना-न्यायालयात गेले आणि 1987मध्ये कायदा टिकला.

तिथे सारे आलबेल आहे असे नाही. येत्या वर्षाची कमाई स्वतःच अंदाजाने कळवावी लागते. कलावंत कोण याची छाननी होते. कमाई अल्प तर निवृत्तिवेतनही अल्प.

आपल्याकडे 2019च्या श्रमयोगी मानधन योजनेत कामगाराइतकाच वाटा सरकार घालते, पण ज्याने काम करून घेतले तो मोकळाच राहतो. 2020च्या सामाजिक सुरक्षा संहितेने, जी नोव्हेंबर 2025मध्ये लागू झाली, घरपोच सेवा व वाहतुकीच्या ॲप-कंपन्यांना वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के द्यायला सांगितले आहे. माथाडीचीच कल्पना, पन्नासेक वर्षांनी. भाषांतरकाराचे नाव त्या यादीत घालण्याची मागणी आपण, म्हणजे पुस्तकांवर जगणाऱ्यांनी, कधी गंभीरपणे केली आहे काय? आपल्याला संकोच वाटतो. पैशाविषयी बोलले की साहित्य विटाळते, हा समज आपण फार सांभाळला. त्या प्रकाशकांविषयी माझ्या मनात राग नाही. ते भले गृहस्थ होते आणि पाकीट पाठवणे त्यांच्यावर बंधनकारक नव्हते. बंधनकारक नव्हते, एवढेच माझे दुखणे आहे.

वहीत दिवाळीनंतर पुन्हा नोंदी सुरू होतात. पहिल्या तीन बिलांतून दोनशे, दोनशे, शंभर असे वळते केलेले आहेत. मग ‘उसने’ रकान्यावर आडवी रेघ.