भिंतीवरची जागा

डहाणू तालुक्यातल्या एका वारली पाड्यावर शिक्षिका म्हणून माझी नेमणूक झाली, तेव्हा पालघर जिल्हा व्हायचा होता, आम्ही ठाण्याचे. मी साताऱ्याकडची, ज्वारीवर वाढलेली. इथे नागली आणि तांदूळ. बोली निराळी. राहायला कुडाची एक खोली मिळाली. कारवीच्या काटक्या, वर शेणामातीचा गिलावा. त्या खोलीचं घर ज्या बायांनी केलं, त्यांचं देणं माझ्याकडे अजून तसंच आहे.

त्यांचा हात मी आधी एका लग्नघरात पाहिला होता. आतल्या अंधाऱ्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी लग्नचौक काढत होत्या. टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, एवढंच हत्यार. मधोमध पालघट देवी, भोवती झाडं, जनावरं, माणसं. एकीने चौकट धरली की दुसरी नक्षी भरणार, तिसरी घोड्याचा राहिलेला पाय पुरा करणार. कुणाची रेघ कुठे संपली, काही कळत नाही. चौकाशिवाय लग्न लागत नाही, आणि लावते धवलेरी, म्हणजे तीही बाईच. मी तेव्हा अविवाहित, त्यामुळे काडीला हात लावायचा प्रश्नच नव्हता. तरी एका म्हातारीने मला उठू दिलं नाही. तांदूळ वाटायला बसवलं.

पावसाळा सरल्यावर त्याच बाया माझ्या खोलीवर आल्या, न बोलावता. ओघळलेल्या भिंती लिंपल्या, गेरू दिला, वाळल्यावर चित्र काढायला बसल्या. हे काही लग्न नव्हे, म्हणून देवी नाही. ताड, कोंबड्या, मुंग्यांची रांग, शाळेचं छप्पर. मग तारप्याचा नाच: मध्ये वाजवणारा, भोवती गोल फिरणारी माणसं. त्यात मला कुठे उभं करायचं, यावर चांगलाच वाद झाला. एकीला मी तिच्याशेजारी हवी होते. दुसरी म्हणाली, टोकाला घाल, हिला नाचता कुठे येतं! (पाड्यावर सगळ्यांना एकेरीच, मास्तरणीलाही.) शेवटी मधेच घातलं. दोन त्रिकोण, अंबाडा, दोन्ही हात शेजारणींच्या कमरेला. माझा चष्मा दाखवा म्हटलं, तर खूप हसल्या. या चित्रांत चेहराच नसतो. त्या रात्री मला पहिल्यांदा तिथे नीट झोप लागली.

पुढे शहरात हीच चित्रं कपांवर, साड्यांवर, हॉटेलांच्या भिंतींवर दिसू लागली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णींनी वारल्यांच्या हाती कागद दिला. त्यांच्यातल्या जिव्या सोमा मशे यांनी त्यावर असं काम केलं की जगाला थांबून बघावं लागलं. २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. याचा मला आनंदच आहे. कागदाने पैसा आणला, नाव आणलं. पण चौकाखाली सही कधीच नव्हती. ते काम बायांचं होतं, आणि नावं झाली ती बहुतेक पुरुषांची. हे मला खुपतं.

ती म्हातारी गेली. खोलीच्या जागी आता विटांचं घर आहे. माझ्या भिंतीवर काडी चालवणाऱ्या दोघीतिघी आहेत. त्यांच्या नाती कागदावर, कापडावर चित्रं काढतात, विकतात आणि खाली स्वतःचं नाव घालतात. डहाणू-जव्हारकडे गेलात, तर चित्र अशा हातांकडूनच घ्या. आणि कृपा करून घासाघीस करू नका.